‘दुखत नाही’ म्हणणारा सांधा
संधिवात असलेल्या मुलांचा जबडा आणि चेहरा कसा तपासावा, यासाठीच्या पुस्तिकेची प्रस्तावना

संधिवाताच्या तपासणीला आलेल्या मुलाला बेंगळुरूतल्या कुठल्याही दवाखान्यात एक प्रश्न ठरलेला असतो : ‘नोवु इदेया?’ म्हणजे, दुखतंय का? मूल गुडघ्याकडे बोट दाखवतं, मनगट पुढे करतं, कधी टाच दाखवतं. जबड्याबद्दल विचारलं तर बहुतेक मुलं ‘इल्ला’, म्हणजे नाही, म्हणून मोकळी होतात. ती खोटं बोलत नसतात. जबड्याच्या सांध्याला सूज असली तरी तो पुष्कळदा दुखत नाही, बाहेरून फुगलेला दिसत नाही, हाताला गरमही लागत नाही. आत मात्र खालच्या जबड्याची वाढ मागे पडत जाते. काही वर्षांनी हनुवटी मागे गेलेली किंवा एका बाजूला सरकलेली दिसते, मग घरचे जुने फोटो काढून बघतात आणि ‘हे कधीपासून?’ असं एकमेकांना विचारतात. सांध्यात सूज आली तो दिवस आणि ती कुणाच्या तरी लक्षात आली तो दिवस, या दोहोंमधलं अंतर कमी करणं, एवढ्यासाठी ही पुस्तिका आहे.

आधी आजाराविषयी. सोळाव्या वाढदिवसाच्या आत सुरू झालेला, किमान सहा आठवडे टिकलेला आणि दुसरं कोणतंही कारण न सापडलेला सांध्याचा दाह म्हणजे जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थरायटिस, थोडक्यात जेआयए. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मुलांच्या या दीर्घकालीन सांधेदुखीचं वर्णन केलं आणि हा मोठ्या माणसांच्या संधिवातापेक्षा वेगळा आजार आहे, हे दाखवून दिलं. आज त्याचे सात प्रकार मानले जातात. मोजक्या सांध्यांपुरता राहणारा, अनेक सांध्यांना धरणारा, ताप आणि अंगावर पुरळ घेऊन येणारा, सोरायसिसबरोबरचा, हाडाला जिथे स्नायूंचे बंध चिकटतात तिथे दुखणारा, असे ते वेगवेगळे. पाश्चात्त्य देशांत हजार मुलांमागे सुमारे एकाला हा आजार असतो, असं ढोबळमानाने मानतात.

आपल्याकडे मात्र ‘लहान मुलाला कसला आलाय संधिवात’ इथपासूनच सुरुवात होते. रक्तातला ‘आरए फॅक्टर’ निगेटिव्ह आला की घरच्यांना वाटतं, सुटलो. वास्तविक संधिवात असलेल्या मुलांपैकी फार थोड्यांचाच आरए फॅक्टर पॉझिटिव्ह असतो. तो निगेटिव्ह येणं हीच या वयातली नेहमीची गोष्ट. दुसरी गल्लत होते ती ऱ्हुमॅटिक फीव्हरशी. सांधे सुजले, रक्तातला एएसओ थोडा वाढलेला दिसला, की दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू होतं. ऱ्हुमॅटिक फीव्हरमधली सूज एका सांध्यातून दुसऱ्यात फिरते आणि काही आठवड्यांत मावळते. जेआयएची सूज ठाण मांडून बसते. हा फरक कळेपर्यंत कित्येकदा वर्ष निघून जातं. गुडघ्यासारख्या डोळ्यांना दिसणाऱ्या सांध्याची ही गत, तर कानापुढच्या त्या लहानशा सांध्याकडे कोण बघणार?

आपल्या भागात संधिवाताच्या मोजणीची परंपरा नाही असं नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली आणि ग्रामीण भारतातल्या सांध्यांच्या आजारांचं चित्र तिच्यातून पहिल्यांदा नीट पुढे आलं. पण ती पाहणी प्रौढांची होती. मुलांचे सांधे त्या हिशेबात नव्हते, आणि जबड्याचा सांधा तर मोठ्यांच्या पाहण्यांतही कोपऱ्यातच राहतो. मुलांच्या संधिवाताबद्दल आपल्याकडची बरीचशी माहिती आजही मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांच्या नोंदींतून येते. म्हणजे जी मुलं तिथवर पोचली, त्यांचीच.

आता सांध्याकडे वळू. कानाच्या छिद्रासमोर मांसल कूर्चेचा जो लहानसा उंचवटा असतो, त्याच्या जरा पुढे बोट ठेवून तोंड उघडमीट करा. बोटाखाली जे सरकतं ते खालच्या जबड्याचं गोलसर टोक, कंडाइल. कवटीच्या खळग्यात ते बसतं आणि मध्ये एक लवचीक चकती असते. तोंड उघडायला लागलं की हे टोक आधी जागच्या जागी फिरतं आणि मग पुढे घसरतं. फिरणं आणि घसरणं दोन्ही नीट झालं तरच तोंड पूर्ण उघडतं. शिवाय खालचा जबडा हे एकच हाड असून त्याची दोन टोकं दोन सांध्यांत अडकलेली असतात, त्यामुळे एका बाजूचं दुखणं दुसऱ्या बाजूला भोगावं लागतं.

या सांध्याची खरी गोम त्याच्या वाढीच्या जागेत आहे. गुडघ्यात हाडाची वाढ होते ती पट्टी सांध्याच्या पृष्ठभागापासून काही अंतरावर असते. जबड्यात मात्र वाढीची कूर्चा सांध्याच्या अगदी पृष्ठभागाशी, एका पातळ थराखाली असते. त्यामुळे सांध्याच्या अस्तराला सूज आली की ती थेट वाढीच्या जागेवरच जाऊन पडते. गंमत अशी की लहान मुलाच्या गुडघ्याला सूज आली तर त्या भागाचा रक्तपुरवठा वाढून तो पाय दुसऱ्यापेक्षा थोडा लांब होतो. जबड्यात याच्या उलट घडतं. आजार तोच, पण पाय लांबतो आणि जबडा आखूड राहतो.

दोन्ही बाजूंच्या सांध्यांना सूज असेल तर हनुवटी मागे राहते, खालचा जबडा खाली-मागे वळतो, पुढचे दात एकमेकांना टेकेनासे होतात. एकाच बाजूला असेल तर हनुवटी त्या बाजूला सरकते आणि चेहऱ्याचा तेवढा भाग लहान दिसतो. तोंड उघडतानाही जबडा आजारी बाजूकडेच वळतो, कारण त्या बाजूचं टोक पुढे घसरत नाही. जुन्या वैद्यकीय पुस्तकांत अशा चेहऱ्याला पक्ष्याची उपमा दिलेली आढळते. ती उपमा आता सोडलेली बरी, निदान मुलाच्या देखत. पण प्रश्न दिसण्यापुरता नाही. जबडा फार मागे असेल तर झोपेत श्वासाची वाट अरुंद होते, मूल घोरतं आणि दिवसा पेंगतं. उद्या कुठल्याही कारणाने शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर लहान जबडा, कमी उघडणारं तोंड आणि त्यात मानेचे सांधे आखडलेले, अशा मुलाच्या श्वासनलिकेत नळी घालणं भूलतज्ज्ञाला अवघड जातं. म्हणून ही माहिती त्याला आधीच द्यावी लागते.

जेआयए असलेल्या किती मुलांचा जबडा आजारात सापडतो? वेगवेगळ्या अभ्यासांतले आकडे १७ टक्क्यांपासून ८७ टक्क्यांपर्यंत जातात. एवढी तफावत कशामुळे? तर कोणी मुलांना विचारून आकडा काढला, कोणी एक्स-रे पाहून, कोणी एमआरआय करून. जितकं बारकाईने पाहावं तितके अधिक सापडतात, हा त्यातला अर्थ. अनेक सांध्यांना धरणाऱ्या प्रकारात आणि अगदी लहान वयात सुरू झालेल्या आजारात धोका अधिक, पण एकच गुडघा सुजलेल्या मुलाचा जबडा सुरक्षित आहे असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

इथे डोळ्यांचं उदाहरण देतो. जेआयएमध्ये काही मुलांच्या डोळ्यांत आतल्या आत दाह होतो. डोळा लाल होत नाही, दुखत नाही आणि नजर मात्र अधू होत जाते. हे लक्षात आल्यावर जगभरच्या डॉक्टरांनी नियम केला की तक्रार असो-नसो, या मुलांचे डोळे ठरावीक मुदतीने स्लिट लॅम्पखाली तपासायचेच. ज्यांना धोका जास्त त्यांचे दर तीन महिन्यांनी. आज बेंगळुरूतला कोणताही बालसंधिवाततज्ज्ञ नेत्रतज्ज्ञाकडे चिठ्ठी दिल्याशिवाय मुलाला घरी पाठवत नाही. जबड्याचं दुखणं अगदी याच स्वभावाचं आहे. तेही मुकाट्याने चालतं आणि त्याचं नुकसानही पुरतं भरून निघत नाही. मग जो न्याय डोळ्याला तोच जबड्याला का नाही? या पुस्तिकेचा आग्रह एवढाच आहे की प्रत्येक भेटीत जबडा तपासला जावा, आणि जे दिसलं ते आकड्यांत लिहिलं जावं.

त्यासाठी फार काही लागत नाही. युरोप-अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञ आणि दंततज्ज्ञांच्या एका गटाने, ज्याला आज ‘टीएमजॉ’ म्हणतात, तपासणीची एकमताने ठरवलेली पद्धत प्रसिद्ध केली. तिचा गाभा पाच गोष्टींचा : दुखतं का आणि नेमकं कुठे, सांधा दाबल्यावर दुखतो का, तोंड पूर्ण उघडताना जबडा कुणीकडे वळतो का, तोंड किती मिलिमीटर उघडतं, आणि चेहरा समोरून नि बाजूने कसा दिसतो. यंत्र नको, सुई नको. एक मोजपट्टी आणि काही मिनिटं पुरतात.

प्रत्यक्षात ते कसं होतं, पाहा. समजा, निपाणीकडची आठ वर्षांची मुलगी आईबरोबर आणि आज्जीबरोबर आली आहे. रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने आलेली, डोळ्यांत झोप. तिला पाठ टेकून सरळ बसवायचं, पाय टेकलेले हवेत. केस कानामागे घ्यायचे, क्लिपा काढायच्या, कारण केसांच्या महिरपीत चेहऱ्याचा कल लपतो. डॉक्टरने तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचं. दोन भुवयांच्या मधून नाकाच्या शेंड्यावरून हनुवटीपर्यंत दोरा धरला की हनुवटी मध्यावर आहे की सरकलेली, ते कळतं. मग तिच्या मागे उभं राहून, मान किंचित मागे करायला सांगून वरून पाहायचं. समोरून न दिसलेला तिरपेपणा वरून दिसतो. लाकडी चपटी पट्टी आडवी दातांत धरायला दिली की ती डोळ्यांच्या ओळीला समांतर आहे की एका बाजूला चढलेली, हेही समजतं. बाजूने पाहताना ओठ मिटायला तिला हनुवटीचे स्नायू ताणावे लागतात का, ते बघायचं. हनुवटीवर लिंबाच्या सालीसारखे खळगे उमटले तर ओठ सहज मिटत नाहीत.

यानंतर हात. दोन्ही तर्जन्या दोन्ही कानांपुढे एकदमच ठेवायच्या, म्हणजे डावं-उजवं तिथल्या तिथे ताडता येतं. आधी तोंड मिटलेलं असताना हलकं दाबायचं, मग उघडं असताना. ‘दुखतं का?’ असं विचारण्यापेक्षा तिच्या डोळ्यांकडे लक्ष ठेवायचं. पापणी लवते, खांदा आक्रसतो, आणि तोंडाने ‘नाही’ येतं. कानशिलावरचा आणि गालातला चावण्याचा स्नायूही चाचपायचा, कारण दुखणं सांध्याचं की स्नायूचं हे वेगळं काढलं पाहिजे. मग हळू ‘आ’ करायला लावायचं. बोटाखाली टक् असा आवाज येतो का, वाळूवर चालल्यासारखी करकर जाणवते का, आणि खालच्या दोन मधल्या दातांमधली रेघ सरळ खाली जाते की वाटेत वळते?

शेवटी माप. वरच्या मधल्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत, कोणी जबडा न ओढता, तिचं तिने उघडलेलं तोंड. तीनदा मोजून सर्वांत मोठा आकडा लिहायचा. शाळकरी मुलांत तो साधारण ४० ते ५० मिलिमीटरच्या दरम्यान असतो, अगदी लहानांत थोडा कमी. आठव्या वर्षाची एक अडचण असते : पुढचे दुधाचे दात पडलेले असतात, नवे अर्धवट आलेले असतात. मागच्या खेपेला ज्या दातावरून मोजलं तो दात या खेपेला जागेवरच नसतो. म्हणून आकड्यासमोर दात कोणता तेही लिहावं, नाहीतर पुढच्या भेटीतली वाढ खरी की खोटी हे कळणार नाही. आणि एकट्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. ४२ हा आकडा चांगला की वाईट, ते मागच्या वेळी काय होता त्यावर ठरतं. ४८ वरून ४२ वर आलेलं मूल ‘दुखत नाही’ म्हणत असलं, तरी त्याची पुढची तपासणी व्हायला हवी.

या सगळ्या वेळात आज्जी कोपऱ्यात बसलेली असते आणि तिला कोणी काही विचारत नाही. विचारलं तर ती सांगते, ‘जेवायला लई येळ लावत्या ही. भाकरी तर कालवूनच द्यायला लागत्या.’ त्या दोन वाक्यांत जबड्याची अर्धी माहिती येऊन जाते. मूल तक्रार करत नाही, ते वाट काढतं. पेरूचा लचका तोडण्याऐवजी फोडी मागतं. वडापाव आधी दोन्ही हातांनी चेपून चपटा करतं आणि मग खातं. मक्याचं कणीस दाताने न खाता दाणे सोडवून खातं. चकली, कोडबळे, चिक्की ताटात तशीच राहते आणि घरचे म्हणतात, ‘हिला आवडतच नाही.’ सकाळी उठल्यावर पहिल्या तासाभरात जांभई अर्ध्यातच थांबते. एकाच बाजूने चावणं सुरू होतं. हे रोज पाहतं कोण? मुलाला भरवणारं माणूस. मुलांच्या संधिवातावरची माहिती इंग्रजीत भरपूर आहे, पण ती वाचणारा बाप दिवसभर ऑफिसात असतो आणि घास भरवणाऱ्या आजीला मराठी वाचता येतं. बेळगाव, खानापूर, निपाणी, मिरजेकडून उपचारांसाठी बेंगळुरूला येणारी कुटुंबं आणि पुण्या-मुंबईहून नोकरीनिमित्त इथे राहायला आलेली घरं, दोन्हींसाठी पुस्तिका मराठीत करण्याचं हे साधं कारण.

हाताच्या तपासणीला मर्यादा आहेत, हेही स्पष्ट सांगायला हवं. सगळं ठीक दिसूनही आत सूज असू शकते. ओपीजी म्हणजे दातांचा सलग एक्स-रे, तो हाडाचा आकार बदलल्यावरच काही सांगतो. तो चांगला आला म्हणून सांधा चांगला, असं म्हणता येत नाही. हाडाची बारीक ठेवण पाहायला कोन-बीम सीटी उपयोगी. अस्तराची चालू असलेली सूज पाहायची तर शिरेतून औषध देऊन केलेला एमआरआय हाच आजचा सर्वांत भरवशाचा मार्ग. त्यातही एक ग्यानबाची मेख आहे. निरोगी मुलांच्या सांध्यातही थोडं पाणी आणि थोडी चमक दिसू शकते. तेव्हा अहवालातल्या एका ओळीवर घाबरून न जाता तो मुलाच्या तपासणीशी जुळवून पाहणारा डॉक्टर हवा. लहान मूल मशीनमध्ये निश्चल राहत नाही, त्याला गुंगी द्यावी लागते आणि खर्चही होतो. म्हणूनच दर भेटीला एमआरआय शक्य नाही, आणि म्हणूनच दर भेटीचं माप मोलाचं. एमआरआय कोणाचा करायचा आणि कधी, हे त्या मापांवरून ठरतं.

उपचारांचा तपशील पुस्तिकेत पुढे आहे. इथे एकच भेद नोंदवतो, कारण तो न कळल्याने पालकांची फार धावपळ होते. चालू असलेली सूज, तिच्यामुळे होणारा त्रास आणि सूज विझल्यावर मागे राहिलेलं व्यंग, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींचे उपाय वेगळे. सुजेवर औषधं : नॅप्रोक्सेनसारखी दाहशामक, मग मेथोट्रेक्सेट, जे आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, रोज कधीच नाही, आणि त्याने भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं. ही इंजेक्शनं एके काळी मध्यमवर्गीयांच्याही आवाक्याबाहेर होती. त्यांतल्याच अ‍ॅडालिमुमॅबची जगातली पहिली बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच, आवृत्ती अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये भारतात आणली आणि किमती उतरायला लागल्या. तरीही ती स्वस्त नाहीत, आणि ती सुरू करण्यापूर्वी आपल्या देशात क्षयरोगाची तपासणी चुकवून चालत नाही. जबड्याच्या सांध्यात थेट स्टिरॉइड टोचण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. वाढत्या मुलांत सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होणं आणि वाढीवर परिणाम होणं, अशी शंका आल्यामुळे आता तिथे हात आखडता घेतला जातो. त्रासासाठी दातांवर बसवायची पट्टी, व्यायाम, शेक आणि मऊ आहार. व्यंगासाठी वाढीच्या वयात जबड्याला दिशा देणारी उपकरणं, आणि गरज पडली तर आजार शांत झाल्यावर शस्त्रक्रिया. सूज चालू असताना नुसतं व्यंगच दुरुस्त करत बसलं, तर वाढीची मोलाची वर्षं हातची जातात.

दातांच्या डॉक्टरांसाठी इथे दोन शब्द. बेंगळुरूत दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या दातांना तारा लावणं आता शाळेच्या दप्तराइतकं सरसकट झालं आहे. ‘वरचे दात पुढे आलेत’ म्हणून मूल आणलं जातं. पुष्कळदा वरचे दात जागेवरच असतात, खालचा जबडा मागे असतो. तो मागे का, हे विचारणं आपलं काम आहे. सकाळी उठल्यावर सांधे आखडतात का, गुडघा कधी सुजला होता का, बोटांची मूठ पूर्ण वळते का, हे तीन प्रश्न दाताच्या खुर्चीवरही विचारता येतात. हनुवटी दरवर्षी थोडी अधिक सरकत असेल किंवा दुधाचे दात पडल्यानंतर पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये नव्याने फट पडली असेल, तर वरचे दात काढण्याचा बेत थांबवून आधी मुलाला संधिवाततज्ज्ञाकडे पाठवावं. हेच उलट बाजूनेही : मनगट दुखणाऱ्या मुलाला ब्रश नीट धरता येत नाही, तोंड कमी उघडतं म्हणून मागच्या दाढांपर्यंत ब्रश पोचत नाही, मेथोट्रेक्सेटने कधी तोंड येतं. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना किडलेली दाढ साधी राहत नाही. ब्रशचा दांडा कापड गुंडाळून जाड करण्याइतकी साधी गोष्टही कोणी तरी सांगावी लागते.

बेंगळुरूसारख्या शहरात माणसांची आणि साधनांची वाण नाही. मुलांच्या आजारांसाठी सरकारी इंदिरा गांधी बालआरोग्य संस्था आहे, सेंट जॉन्ससारखी मोठी वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं आहेत, सरकारी दंत महाविद्यालय आहे, खासगी रुग्णालयांत बालसंधिवाताचे विभाग आहेत. हे सगळं एका छताखाली नाही, एवढीच अडचण. गुडघा पाहणारा एका रस्त्यावर, दात पाहणारा दुसऱ्या, एमआरआय तिसऱ्या, आणि मध्ये सिल्क बोर्डच्या सिग्नलवरची कोंडी. संधिवाताच्या डॉक्टरला वाटतं, तोंड म्हणजे दंतवैद्याचं क्षेत्र. दंतवैद्याला वाटतं, सांधा म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरचा. दोघांच्या मध्ये जबड्याचा सांधा बेवारस पडतो. या सगळ्या ठिकाणी न चुकता जाणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे आईच्या पिशवीतली फाइल. म्हणून पुस्तिकेच्या शेवटी एक पानाचा तक्ता जोडला आहे. तारीख, तोंड किती मिलिमीटर उघडलं, कोणत्या दातावरून मोजलं, उघडताना जबडा कुणीकडे वळला, दाबल्यावर कुठे दुखलं, चावण्याबद्दल घरच्यांनी काय सांगितलं : सहा रकाने. ज्या डॉक्टरने भरला त्याची सही. तो तक्ता फाइलच्या पहिल्या पानावर लावावा, म्हणजे पुढच्या डॉक्टरला तो शोधावा लागणार नाही.

दर सहा महिन्यांनी तीन फोटोही काढून ठेवावेत : समोरून ओठ मिटून, समोरून हसून, आणि बाजूने. तोच उजेड, तेवढंच अंतर. फोटो डॉक्टरसाठी आहेत, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसाठी नव्हेत. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला आपला चेहरा बदलतोय हे आपल्या आधी कळलेलं असतं. वर्गात कोणी काही बोललेलं असतं, सेल्फी काढताना ते ठरावीक बाजूच पुढे करतं. त्याला विचारल्याशिवाय त्याच्या हनुवटीची चर्चा पाहुण्यांसमोर करू नये आणि दवाखान्यातही त्याच्या डोक्यावरून डॉक्टरांशी बोलू नये. काय मोजतोय, का मोजतोय, हे त्यालाच सांगावं. मोजपट्टी हातात दिली तर मुलं आपलं माप आपणच लिहू लागतात, आणि कमी झालं तर पहिल्यांदा तीच सांगतात.

ही पुस्तिका वाचून कोणी निदान करावं, अशी अपेक्षा नाही. तिचे तीन भाग आहेत. पहिला घरच्यांसाठी : काय पाहायचं आणि डॉक्टरला काय सांगायचं. दुसरा बालरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्यांसाठी : तपासणीच्या पायऱ्या चित्रांसह. तिसरा उपचारांचा, आणि तो वाचताना औषधाचा डोस आपल्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरूनच घ्यावा. तज्ज्ञांना दुसऱ्या भागात नवं काही सापडणार नाही. त्यातली एकही पायरी न वगळण्याची आठवण मात्र होईल.

दरवर्षी १८ मार्चला जगभर मुलांच्या संधिवाती आजारांचा जागृती दिन पाळतात. त्या दिवसाची वाट पाहायची गरज नाही. तुमच्या मुलाला संधिवात असेल तर पुढच्या भेटीला जाताना फाइलमध्ये एक मोजपट्टी ठेवा आणि डॉक्टरांचा गुडघा तपासून झाला की विचारा, ‘डॉक्टर, जबडा मोजलात का?’ त्यांनी मोजला, की आकडा तारखेसह लिहून घ्या. तीन महिन्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारा.